वेष्टनावरचे नाव आणि आतली वस्तू



वारकरी मायबापहो, नाम आणि नामी यांत भेद नाही, हा आपल्या संप्रदायाचा सिद्धान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. साखर साखर म्हटल्याने तोंड गोड होत नाही, पाणी पाणी म्हटल्याने तहान भागत नाही. पण हरि म्हटले की हरि जवळ येतो, इतका त्या नामाचा अधिकार वेगळा. येथे शंका अशी येते की, मग जगातल्या बाकीच्या नावांचे काय? त्यांना हा अधिकार आहे काय? तर नाही. भगवंताचे नाम वस्तूतूनच उमटलेले असते, बाजारातले नाव वस्तूवर चिकटवलेले असते. आणि जे चिकटवता येते ते कशावरही चिकटवता येते. विषाच्या बाटलीवर 'अमृत' असा कागद लावला, तर कागद लावणाऱ्याचे काय जाते? जाते ते पिणाऱ्याचे.

आजचे निरूपण या चिकटवलेल्या नावाचे आहे. तंबाखू, सिगारेट, बिडी, पानमसाला यांच्या वेष्टनावर काय लिहितात, काय लिहीत नाहीत आणि त्यावर सरकारने कोणता लगाम घातला, याचे. कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात हा पानठेल्याचा विषय कशाला आणला? त्याने एकदा आपल्याच दिंडीत दुपारच्या विसाव्याला बसावे आणि किती जणांच्या कंबरेची चंची सुटते ते मोजावे. मग विषय कोणी आणला ते कळेल.

काही जण मोठा शास्त्रार्थ करतात. म्हणतात, "ज्ञानेश्वरीत तंबाखूचा निषेध दाखवा." अहो, माउलींच्या काळी या देशात तंबाखू होती कोठे? हे झाड अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते हिंदुस्थानात आले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी इतके पसरले की जहांगीर बादशहाला 1617 साली त्यावर मनाई करावी लागली. तुकोबारायांच्या वेळेपर्यंत ते आपल्या गावात पोहोचले होते. म्हणूनच गाथेत तंबाखूच्या धुरावर उघड शब्दांत अभंग आहे. ज्याला दाखला हवा त्याने गाथा उघडावी. जी वस्तू जन्मालाच आली नव्हती तिचा निषेध माउलींकडे मागणे म्हणजे न झालेल्या मुलाच्या लग्नाचे निमंत्रण मागण्यासारखे आहे.

असो. माळ घालताना आपण मद्य सोडतो, मांस सोडतो. तंबाखू मात्र बहुतेकांची तशीच राहते. एकादशीला भगर सुद्धा चालते की नाही याचा वाद घालणारा गृहस्थ तंबाखूची चिमूट मात्र निःशंक दाढेखाली धरतो. "तंबाखूनं उपास मोडत नाही बाप्पा," असे आमच्या वऱ्हाडात म्हणतात. ती पोटात जात नाही म्हणे. पण तिचे सत्त्व तोंडातल्या पातळ कातडीतून थेट रक्तात जाते, पोटापर्यंत जाण्याची तिला गरजच नसते. उपास पोटाचा की देहाचा, हा प्रश्न मी येथे सोडून देतो.

आता एक हकीकत सांगतो. दर्यापूरकडच्या एका गावातला एक टाळकरी. आवाज असा की चार गावांच्या सप्ताहात त्याला बोलावणे यायचे. वयाच्या पंचविशीत माळ घातली आणि त्याच दिवशी तंबाखू सोडली. नुसती सोडली नाही, देवापुढे पाणी सोडून सोडली. पण वर्षानुवर्षांची तोंडाला सवय. पानठेल्यावर त्याला चकचकीत पुडी दाखवली गेली. वर लिहिलेले, तंबाखू नाही, निकोटिन नाही. आत सुगंधी सुपारी, कात, चुना, वेलचीचा वास. त्याने ती घेतली. दिवसाला दहा, कधी पंधरा. एकादशीलाही घ्यायचा, कारण सुपारी उपासाला चालते. बारा-तेरा वर्षे गेली. मग तिखट भाजी तोंडात घेतली की आग व्हायला लागली. गाल आतून पांढरे आणि ताठ झाले. मग आ होईना. शेवटी अमरावतीला डॉक्टरांकडे गेला, तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांत जेमतेम दोन बोटे मावत होती.

मी त्याला भेटायला गेलो. त्याने मला विचारले, "महाराज, म्या त तंबाखू शिवली नाई. पुडीवर सफा लिवलं होतं. मंग मले काहून झालं?"

या माणसाने नेम मोडला नव्हता. पुडीवरचे अक्षर वाचून, त्यावर विश्वास ठेवून त्याने नेम पाळला होता. आणि तोंड मिटले ते नामाचे. लोकांना रोग होतात, हे काही नवल नाही. पण येथे माणसाच्या व्रताचाच गळ करून त्याला पकडले होते. मी त्याला त्या दिवशी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. जे उत्तर आहे ते असे.

पुडीवर लिहिलेले अक्षर खोटे नसेलही. आत तंबाखू नसेल. पण 'तंबाखू नाही' या शब्दांचा वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ उमटतो तो 'अपाय नाही' असा, आणि तो अर्थ खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था फ्रान्समधल्या लियों येथे आहे, तिने 2004 सालीच सांगून ठेवले आहे की, सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे. तंबाखू नसलेला विडा सुद्धा त्यातून सुटत नाही. गाल ताठ होऊन तोंड न उघडण्याचा जो रोग आहे, त्याचे मुख्य कारण सुपारीच. पूजेच्या ताटातली एक सुपारी निराळी आणि दिवसाला पंधरा पुड्या चघळणे निराळे, हे सुज्ञांस सांगणे नलगे. तेव्हा पाहा, प्रत्येक अक्षर खरे आणि वाक्य खोटे, अशी ही विद्या आहे. 'नरो वा कुंजरो वा' आपण महाभारतात ऐकले. धर्मराजाचा रथ त्या एका वाक्याने भुईला टेकला. येथे तर वाक्ये छापखान्यातून लाखांनी निघतात आणि कोणाचा रथ खाली येत नाही.

ही विद्या आपल्याकडे उपजलेली नाही. विलायती सिगारेटवाल्यांनी ती आधी पूर्णत्वाला नेली. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे 1950 नंतर डॉक्टर लोक उघड सांगू लागले, तेव्हा ओढणारे घाबरले. सोडावी असे त्यांच्या मनात येऊ लागले. हा क्षण फार मोलाचा असतो हो! अनुताप झालेल्या जीवाला त्या क्षणी संत भेटला तर तो तरतो. त्यांना भेटली 'लाईट' सिगारेट. हलकी, सौम्य, कमी डांबराची. सोडू नका, ही घ्या.

ती हलकी कशी ठरवली? एक यंत्र होते. ते यंत्र मिनिटाला एक झुरका घेई, दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटरचा. आणि नळीत जे डांबर साठे ते मोजत. कारखानदारांनी काय केले, तर सिगारेटच्या बोंडाभोवती डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे पाडली. यंत्र झुरका घेई तेव्हा छिद्रांतून बाहेरची हवा आत येऊन धूर पातळ होई आणि आकडा कमी निघे. पण माणूस काही यंत्र नव्हे. त्याची बोटे आणि ओठ नेमके त्या छिद्रांवर बसतात. शिवाय देहाला निकोटिनची जेवढी भूक असते तेवढे मिळेपर्यंत तो जोराने ओढतो, खोल ओढतो, एक जास्त ओढतो. म्हणजे आकडा यंत्राच्या फुप्फुसाचा आणि रोग माणसाच्या! तिकडे अमेरिकेत सरकारने कंपन्यांवर खटला भरला. 2006 साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी मोठा थोरला निकाल दिला की, या सिगारेटी कमी अपायकारक नाहीत हे ठाऊक असूनही कंपन्यांनी लोकांना तसे भासवले. युरोपात हे शब्द 2003 मध्येच बंद झाले होते, अमेरिकेत 2010 मध्ये झाले. आपल्याकडे 2008 सालच्या वेष्टनाच्या नियमांत असे फसवे शब्द घालण्यास मनाई आहे. शब्द गेले, मग रंग आले. सोनेरी पाकीट, चंदेरी पाकीट. ओढणाऱ्याला कळायचे ते कळतेच. हे पाहूनच ऑस्ट्रेलियाने 2012 च्या डिसेंबरपासून रंगही काढून घेतले. सगळी पाकिटे एका मळकट रंगाची, एका अक्षराची, वर रोगाचे चित्र. तेथे आता वेष्टनाला बोलण्यासारखे काही उरले नाही.

आपल्या सरकारने काय केले तेही सांगितले पाहिजे, कारण सरकारने काहीच केले नाही असे म्हणण्याची आपल्याला खोड आहे. 1975 चा कायदा झाला, त्याने सिगारेटच्या पाकिटावर 'आरोग्यास अपायकारक' एवढी ओळ आली. पण तो कायदा फक्त सिगारेटचा. बिडी त्यात नाही, तंबाखूची पुडी नाही. म्हणजे साहेबाला सूचना आणि गड्याला नाही! ही उणीव 2003 च्या कायद्याने भरून निघाली. त्याला लोक 'कोटपा' म्हणतात. जाहिरातीवर बंदी, अठरा वर्षांखालील मुलांना विक्रीची बंदी, शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीची बंदी आणि सर्व तंबाखूच्या पदार्थांवर इशारा. 31 मे 2009 पासून चित्र आले आणि 1 एप्रिल 2016 पासून ते वेष्टनाच्या दोन्ही बाजूंना शंभरातील पंच्याऐंशी भाग इतके मोठे झाले. कंपन्या न्यायालयात गेल्या. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने 2017 च्या डिसेंबरात तो नियम रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या जानेवारीत त्या निकालाला स्थगिती दिली आणि चित्र मोठेच राहिले.

ते चित्र किळसवाणे आहे, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. पाहवत नाही म्हणतात. माझे मत उलट आहे. जिला अक्षरओळख नाही अशा मायमाउलीला त्या पाकिटावरचे एवढेच काय ते वाचता येते. आपल्या अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज डोळ्यांनी अंध होते, पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे भोवती होते. पुडी घेणाऱ्या म्हातारीला पुडी वाचून दाखवणारे कोण आहे?

पण आमच्या वऱ्हाडची अडचण आणखी निराळी. महाराष्ट्रात 2016-17 साली जी पाहणी झाली तिच्यात शंभर प्रौढ माणसांत ओढणारे चारांच्या आत निघाले आणि खाणारे, चघळणारे, घासणारे चोवीसांवर. म्हणजे आपला रोग धुराचा नाही, दाढेचा आहे. आणि दाढेचा माल बहुतेक वेष्टनाविनाच येतो. खर्रा घ्या. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून दिला जातो. त्या पन्नीवर काय लिहिलेले असते? काही नाही. ना नाव, ना इशारा, ना चित्र. सुट्या सिगारेटीचे तेच. पाकीट पानठेल्यावर राहते, गिऱ्हाइकाच्या हाती एक कांडी येते आणि पंच्याऐंशी टक्क्यांचे चित्र त्याच्या नजरेस पडतच नाही. म्हणून महाराष्ट्र सरकारने 2020 च्या सप्टेंबरात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यास मनाई केली. मनाई कागदावर चांगली आहे. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कोणत्याही चौकात उभे राहून ती किती पाळली जाते ते ज्याचे त्याने पाहावे.

आया-बहिणींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दात घासण्याच्या पावडरीत आणि लेपात तंबाखू घालून तिला दंतमंजन म्हणत. नाव औषधाचे, काम व्यसनाचे. दात दुखतो म्हणून सून लावी, मग न लावले तर डोके दुखे. केंद्र सरकारने 1992 साली अशा मंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ती कायम केली. पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा शोधत येणार? ती तुमची तुम्हालाच ओळखावी लागेल.

गुटख्याची कथा तर नावाच्या खेळाची पोथीच आहे. महाराष्ट्राने 2002 साली त्यावर बंदी घातली, ती 2004 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. असा अधिकार राज्याचा नव्हे, असे ठरले. पण गुटखा हा खाण्याचा पदार्थ आहे, हेही त्याच निकालात मानले गेले. पुढे 2011 साली केंद्राचा नियम आला की, कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन असता कामा नये. झाले! जो 'अन्न' ठरला तोच त्या नावाने अडकला, आणि 2012 च्या जुलैत महाराष्ट्राने पुन्हा बंदी केली. पुढे वर्षावर्षाच्या आदेशांनी ती चालू ठेवली. त्यावर कारखानदारांनी काय करावे? एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही शेजारी टांगलेल्या. मिसळण्याचे पाप गिऱ्हाइकाच्या तळहातावर. आणि जाहिरात करायची ती वेलचीची. नाव तेच, रंग तोच, गाणे तेच, फक्त खाली बारीक अक्षरात वेलची. एका नामवंत नटाने 2022 च्या एप्रिलात अशा जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागून अंग काढून घेतले. त्याचे आपण कौतुक करू. पण वेलची विकून एवढा पैसा मिळत असता तर केरळचा प्रत्येक शेतकरी कोट्यधीश झाला असता, एवढा हिशेब आपल्यालाही करता आला पाहिजे.

बिडीच्या पुड्यावर देवाची, राजाची, थोर पुरुषाची नावे घालण्याची जुनी चाल आहे. संभाजी महाराजांचे नाव बिडीला होते. त्यावर आंदोलन झाले, साबळे वाघिरे कंपनीने 2020 साली नाव बदलण्याचे कबूल केले आणि 2021 पासून तिची 'साबळे बिडी' झाली. योग्य झाले. जी व्यक्ती धर्मासाठी देह ठेवते तिचे नाव चुरगळून गटारात पडू नये. पण एक विचार मनात येतो. आंदोलन नावासाठी झाले, वस्तूसाठी झाले नाही. पान तेच, तंबाखू तीच, ओढणाऱ्याची छाती तीच. आपल्याला नावाचा अपमान लगेच बोचतो, माणसाचा नाश तितका बोचत नाही. हे काही नामधारकाचे लक्षण नव्हे.

आता सगळ्यात अवघड शंका. आमच्या भागात हे बोललो की सभेतून कोणीतरी उठतोच आणि म्हणतो, "शेगावचे महाराज चिलीम ओढत होते, त्याचं काय?" प्रश्न टाळू नये. दासगणू महाराजांनी 'गजानन विजय' ग्रंथात ती कथा स्वतःच सांगितली आहे, लपवली नाही. काशीकडचा गोसावी नवस फेडायला आला, त्याचे मन मोडू नये म्हणून महाराजांनी ती स्वीकारली. आणि तेथेच ग्रंथकार बजावतात की, हे व्यसन नव्हे, महाराज त्यापासून अलिप्त होते. मग विचारणाऱ्याला मी एवढेच विचारतो, बाबा रे, महाराजांनी कोरड्या विहिरीला पाणी आणले, ते तू कधी करून पाहिलेस काय? उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाल्लीस काय? सगळे चरित्र सोडून हातात चिलीम तेवढी आली! शिवाय महाराजांना कोणी फसवून ओढायला लावले नव्हते. तुझ्या हातातली पुडी तर तुला फसवून विकलेली आहे. त्यांच्या चिलमीचा आधार तुझ्या पुडीला देणे हेही चुकीचे लेबल चिकटवणेच झाले.

गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. 1956 साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांची कीर्तनाची रीत सर्वांना ठाऊक आहे. ते उपदेश कमी करीत आणि प्रश्न फार विचारीत. उत्तर श्रोत्याच्याच तोंडून निघे. त्या रीतीने पुढच्या वेळी पुडीलाच विचारावे. तू अन्न आहेस काय? मग लेकराच्या ताटात तुला वाढू का? तू औषध आहेस काय? मग कोणत्या वैद्याने दिलीस? तू वेलची आहेस काय? मग तुझी सवय का लागते? आणि तुझ्यावर हे सडक्या तोंडाचे चित्र आहे, ते तुझ्या मालकाने हौसेने छापले की कायद्याने छापायला लावले?

पानठेलेवाल्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो आपल्याच गावचा, पुष्कळदा माळकरीच असतो. कापूस पिकेना, हाताला काम मिळेना, म्हणून चार फळ्या ठोकून बसलेला. त्याच्या दुकानावर रंगीत फलक लावून देणारा मात्र गावात कधी दिसत नाही. तोच फलक सप्ताहाच्या मंडपाच्या कमानीवर चढू पाहतो. मंडप, लाऊडस्पीकर, एका पंगतीचा खर्च देतो, वर आमचे नाव फक्त राहू द्या, म्हणतो. वेलचीचे नाव असले तरी तो फलक लावू देऊ नये. एक पंगत कमी झाली तर पिठले-भाकरी घालावी. वऱ्हाडात पिठल्याने कोणी उपाशी राहिलेला नाही.

कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी, शेगावची पालखी आणि आपल्या अकोला-अमरावतीकडच्या लहानमोठ्या दिंड्या आषाढीला निघतील. दिंडीप्रमुखांनी निघण्याच्या दिवशीच विसाव्याचा नियम सांगून टाकावा आणि चंच्या एका पिशवीत जमा करून घ्याव्यात. पंढरपूरपर्यंतचा रस्ता लांब आहे. पहिले चार दिवस तळमळ होते, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे ठाऊक असू द्यावे आणि अशा माणसाला एकटा चालू देऊ नये, टाळकऱ्यांच्या मध्ये घ्यावे. सोडणाऱ्याला मदत करण्यासाठी सरकारचा एक फोन आहे, 1800-11-2356, त्याला पैसे पडत नाहीत. 2018 च्या सप्टेंबरपासून हा आकडा वेष्टनावरच छापायला लावला गेला. त्या वेष्टनावरचे हे एक अक्षर मात्र उतरवून घ्यावे आणि विणेकऱ्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे.